गॅस बॉयलरची वार्षिक सर्व्हिस: रेडिंगमधील एका स्थानिक इंजिनिअरच्या कामाचा अभिप्राय

इंग्लंडमधील रेडिंग इथल्या आमच्या तीन बेडरूमच्या घरातील गॅस बॉयलरची वार्षिक सर्व्हिस यंदा सप्टेंबरच्या मध्यावर एका स्थानिक, एकट्याने व्यवसाय करणाऱ्या इंजिनिअरकडून करून घेतली. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. बॉयलर जर्मन बनावटीचा, 30 किलोवॅटचा कॉम्बी आहे, म्हणजे रेडिएटरमध्ये फिरणारे पाणी आणि नळाचे गरम पाणी ही दोन्ही कामे तो एकटाच करतो आणि घरात गरम पाण्याची वेगळी टाकी नसते. इंजिनिअरचे नाव मुद्दाम देत नाही. हे गृहस्थ रेडिंगच्या आसपासच्या काही मैलांपलीकडे जात नाहीत आणि हे वाचणारे बहुतेक जण लंडन, लेस्टर, मँचेस्टर असे पांगलेले असणार. त्यांना नावापेक्षा अशा कामात काय काय व्हायला हवे हे कळण्याचा उपयोग अधिक. मत आधीच सांगून टाकायचे तर काम उत्तम झाले, वेळेच्या बाबतीत मात्र गृहस्थांचे गणित कच्चे आहे, आणि दिलेले 95 पौंड वसूल झाले ते अशा एका तपासणीमुळे, जी आमच्याकडे त्याआधी झालेल्या सर्व्हिसमध्ये कोणी केलीच नव्हती.

ज्यांचे घर स्वतःच्या मालकीचे आहे त्यांच्यावर दरवर्षी सर्व्हिस करून घेण्याची इंग्लंडमध्ये कायद्याने सक्ती नाही. घर भाड्याने देणाऱ्यावर मात्र तपासणीची सक्ती आहे. 1998च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने आपल्या मालकीच्या गॅस उपकरणांची आणि त्यांच्या फ्लूची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीची, दर बारा महिन्यांनी तपासणी करून घ्यायची, तिची नोंद आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला 28 दिवसांत द्यायची आणि नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वीच द्यायची असते. भारतातून नोकरीसाठी नव्याने आलेली आपली कुटुंबे सुरुवातीची काही वर्षे भाड्यानेच राहतात, आणि किल्ल्यांबरोबर हातात पडलेल्या कागदांच्या चळतीत हा कागद आहे की नाही हे फार थोडे जण पाहतात. शिवाय ही सुरक्षा तपासणी आणि सर्व्हिस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत उपकरण सुरक्षितपणे चालते आहे एवढे पाहिले जाते. दुसरीत उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे साफसफाई, झिजलेल्या भागांची पाहणी आणि दाबांची जुळवणी करायची असते. एजंटने पाठवलेला माणूस नोंदीचा कागद देऊन गेला म्हणजे बॉयलरची सर्व्हिस झाली, असा समज करून घेऊ नये. घर स्वतःचे असेल तर दुसरे कारण पुरेसे आहे: बहुतेक उत्पादकांची पाच-सात-दहा वर्षांची वॉरंटी दरवर्षी सर्व्हिस झाल्याची नोंद असेल तरच टिकते.

वेळ कोणती निवडावी याबद्दल माझे मत पक्के आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे मागे जातात आणि पहिली थंडी पडते, तेव्हा सगळ्या गावाला एकाच आठवड्यात बॉयलरची आठवण होते आणि चांगला इंजिनिअर मिळेनासा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोन केला तर तारीखही मिळते आणि एखादा सुटा भाग मागवावा लागला तरी घर गारठत नाही. आम्हाला फोनवर सरळ उत्तरे मिळाली: सर्व्हिसचे 95 पौंड, त्यात मजुरी आणि तपासणीचा अहवाल, भाग बदलावे लागले तर त्यांची किंमत आधी सांगणार आणि विचारल्याशिवाय हात लावणार नाही. सकाळी आठ ते दहा असे सांगून गृहस्थ पावणेअकराला उगवले, आणि उशीर होत असल्याचा निरोप साडेदहाला आला. कामावर रजा टाकून बसलेल्या माणसाला हा प्रकार खटकतोच.

दारात आल्याबरोबर त्यांनी न मागता ओळखपत्र पुढे केले, हे मात्र आवडले. ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणाऱ्या व्यवसायाची आणि इंजिनिअरची गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असावीच लागते. 1 एप्रिल 2009पासून तिने कॉर्गी या जुन्या नोंदणीची जागा घेतली. अजूनही काही जुन्या व्हॅनवर कॉर्गीचे नाव दिसते, त्यावर भिस्त ठेवू नये. पिवळ्या ओळखपत्राच्या पुढच्या बाजूला छायाचित्र, परवाना क्रमांक आणि मुदत असते, पण पाहण्यासारखी बाजू मागची. कोणकोणत्या उपकरणांवर काम करायला हा माणूस पात्र आहे याची यादी तिथे असते. शेगडीवर काम करण्याची पात्रता असलेला प्रत्येक जण बॉयलर उघडायला पात्र असतोच असे नाही, आणि नळाच्या गॅसवर काम करणारा सिलिंडरच्या गॅसवर चालणारा बॉयलर हाताळू शकेलच असेही नाही. क्रमांक रजिस्टरच्या संकेतस्थळावर टाकला की ही सगळी माहिती मिनिटभरात पडताळता येते.

काम सुरू झाले ते बॉयलर उघडून नव्हे, तर तो चालू करून. गृहस्थांनी हीटिंग सुरू करायला लावले, बॉयलर पेट घेताना होणारा आवाज कान देऊन ऐकला, दाबाच्या काट्याकडे नजर टाकली आणि मग बाहेर जाऊन भिंतीतून निघालेले फ्लूचे तोंड पाहिले. आमच्या कुंपणालगतच्या वेलीची फांदी त्या तोंडापर्यंत पोहोचली होती. ती तिथल्या तिथे कापायला सांगितली. फ्लूचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान 300 मिलिमीटर दूर आहे की नाही हेही त्यांनी टेप लावून पाहिले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी इथे थोडे विषयांतर करतो. 2000नंतरच्या दशकात बांधलेल्या अनेक इमारतींत फ्लू छताच्या पोकळीतून दूरवर नेलेला असतो. तो नजरेने तपासता यावा म्हणून छताला झाकणे बसवलेली असावी लागतात, आणि जानेवारी 2013पासून अशी झाकणे नसतील तर इंजिनिअर तो बॉयलर धोकादायक ठरवून राहणाऱ्याच्या परवानगीने बंद करू शकतो. फ्लॅट भाड्याने घेताना छताकडे एकदा मान वर करून पाहावे.

यानंतर धुराचे पृथक्करण करणारे यंत्र बाहेर आले. हे हातात मावणारे अ‍ॅनालायझर आधी घराबाहेरच्या स्वच्छ हवेत शून्यावर आणावे लागते, आणि ते वर्षातून एकदा प्रमाणित करून घ्यायचे असते. त्या प्रमाणपत्राची तारीख मी विचारली आणि त्यांनी ती दाखवली. यंत्राची सळई त्यांनी आधी फ्लूमध्ये न घालता बाहेरची हवा बॉयलरला पुरवणाऱ्या मार्गात घातली. आजचे बॉयलर रूम-सील्ड असतात, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेतात आणि धूर बाहेरच सोडतात. एका नळीच्या पोटात दुसरी नळी असते. आतल्या नळीला कुठे फट पडली तर धूर हवेच्या मार्गात मिसळतो आणि तिथल्या प्राणवायूचे प्रमाण उतरते. ते 20.6 टक्क्यांच्या खाली नसावे. आमच्याकडे 20.9 आले, म्हणजे फ्लू सलग आहे.

मग बॉयलर पूर्ण क्षमतेवर चालवून धुराचे आकडे घेतले: कार्बन डायऑक्साइड 9.0 टक्के, कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत 72, आणि दोहोंचे गुणोत्तर 0.0008. सर्वांत कमी आचेवर मोनॉक्साइड 12 आले. नवा कंडेन्सिंग, म्हणजे धुरातील वाफेचीही उष्णता वापरणारा, बॉयलर बसवताना हे गुणोत्तर 0.004च्या आत आणि मोनॉक्साइड 350च्या आत असावे लागते, त्या मानाने आमचे आकडे निर्धास्त करणारे होते. हे गुणोत्तर म्हणजे जळण नीट होते की नाही याचा थेट पुरावा. हवा कमी पडली, बर्नरवर काजळी धरली किंवा गॅसची झडप बिघडली की मोनॉक्साइड वाढतो आणि गुणोत्तर चढते. ज्योत निळी दिसते आहे म्हणजे सारे ठीक, हा जुना ठोकताळा या बंद बॉयलरांना लागू करण्यात फारसा अर्थ नाही. काचेच्या छोट्या झरोक्यातून काही कळत नाही. गॅसचा दाबही मोजला. बॉयलर जोरात चालू असताना मीटरवर तो 19 ते 23 मिलिबारच्या दरम्यान हवा, आमचा 20.5 भरला. याखेरीज मीटरचा आकडा ठरावीक वेळात किती पुढे सरकतो ते पाहून बॉयलर खरोखर किती गॅस ओढतो याचा हिशेब त्यांनी केला.

झाकण उघडल्यावर जे काम झाले ते पाहण्यासारखे होते. कंडेन्सिंग बॉयलर, जे इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2005पासून जवळपास सक्तीचे झाले, धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता वापरतात. ते पाणी आम्लयुक्त असते आणि तळाशी असलेल्या सापळ्यातून, म्हणजे ट्रॅपमधून, प्लास्टिकच्या नळीने बाहेर जाते. त्या सापळ्यात नेहमी पाणी साठलेले राहते आणि तेच धुराला उलट घरात येण्यापासून अडवते. आमचा सापळा काढून त्यांनी तो मोरीत उलटा केला, तेव्हा त्यातून राखाडी-काळ्या चिखलासारखा गाळ पडला. सापळा धुऊन, परत बसवण्यापूर्वी त्यात स्वच्छ पाणी भरले. हे शेवटचे पाऊल विसरले तर रिकाम्या सापळ्यातून धूर खोलीत येऊ शकतो, आणि नेमके तेच घाईत राहून जाते. रिटर्न पाइपवरचे, म्हणजे रेडिएटरमधून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाण्याच्या नळीवरचे, चुंबकीय फिल्टर उघडले तर आतली दांडी काळ्या, लोण्याइतक्या मऊ लोहकणांनी माखलेली निघाली. रेडिएटर आतून गंजतात तेव्हा हा मॅग्नेटाइट तयार होतो, आणि तो उष्णता-विनिमयकाच्या, म्हणजे जळणाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत जाऊन बसला की बॉयलर अकाली थकतो. पाण्यातील गंजरोधकाचे प्रमाण त्यांनी कागदी पट्टीने तपासले, ते कमी होते, आणि फिल्टरमधूनच नवे द्रव्य घातले. त्याचे 18 पौंड वेगळे पडले, पण आधी विचारून.

आता ती तपासणी, जिच्यासाठी हा अभिप्राय लिहायला बसलो. मागच्या हिवाळ्यापासून आमच्या बॉयलरचा दाबाचा काटा नाचत होता. थंड असताना 1 बारच्या जवळ, हीटिंग तासभर चालले की अडीचच्या पुढे, आणि काही आठवड्यांनी थंड असतानाच अर्ध्यावर. मग पाणी भरायचे, आणि पुन्हा तेच. गृहस्थांना हे सांगताच त्यांनी बॉयलरचा पाण्याचा दाब शून्यावर आणला, वरच्या अंगाला असलेल्या लाल टाकीच्या तोंडावरचे छोटे टोपण काढले आणि मोटारीच्या चाकाची हवा मोजतात तसल्याच गेजने आतली हवा मोजली. ती 0.3 बार निघाली. ही टाकी म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल. तिच्या आत रबराचा पडदा असतो. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला हीटिंगचे पाणी. पाणी तापून फुगते तेव्हा ही हवा दबून त्याला जागा करून देते. हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब चढत जातो, 3 बारवर सुरक्षा झडप उघडते आणि थोडे पाणी बाहेर फेकले जाते. बॉयलर गार झाला की तेवढे पाणी कमी पडलेले असते. झडपेच्या दांडीवर बोट दाबल्यावर पाणी न येता फक्त हवा आली, म्हणजे पडदा शाबूत आहे. पाणी आले असते तर टाकीच बदलावी लागली असती. पायाने चालणाऱ्या साध्या पंपाने त्यांनी हवा 0.75 बारपर्यंत भरली, मग पाणी सव्वा बारवर आणले. तेव्हापासून काटा गरम असताना दीडच्या वर गेलेला नाही.

त्याआधीची काही वर्षे आमचा बॉयलर एका मोठ्या कंपनीच्या मासिक योजनेत होता. दरमहा पैसे कापले जात, वर्षातून एक सर्व्हिस फुकट, दुरुस्तीलाही वेगळे पैसे नाहीत. तिथून येणारा माणूस नम्र असे, अ‍ॅनालायझर लावी, आकडे बरे आले की टॅबलेटवर खुणा करून निघून जाई. झाकण निघाले असेल-नसेल. यात लबाडी होती असे म्हणता येणार नाही, कारण अनेक उत्पादक धुराचे आकडे मर्यादेत असतील तर बर्नर उघडण्याची गरज नाही असेच सांगतात, आणि विनाकारण बर्नरचे दार उघडले तर त्याचे सील बदलावे लागते. पण दाब उतरत असल्याची तक्रार केल्यावर ‘पाणी भरत राहा’ एवढाच सल्ला मिळाला. दरवेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, गंज वाढतो, आणि फिल्टरवर जो काळा थर दिसला त्यात या पाण्याचा वाटा असणारच. बॉयलर जुना असेल आणि बिघाडाची धास्ती असेल तर अशी योजना परवडते. वॉरंटी चालू असेल तर त्याच गोष्टीचे दोनदा पैसे मोजल्यासारखे होते.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल गृहस्थ फार बोलले नाहीत, पण अलार्म हातात घेऊन त्यावरची मुदत वाचली. आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे: महाराष्ट्रात लहानशा बंद न्हाणीघरात बसवलेल्या, धुराला वाट नसलेल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात. तिथला मारेकरी वायू हाच. नळातून येणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, मोनॉक्साइडला वास, रंग, चव काहीच नसते, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, धाप ही लक्षणे इन्फ्लुएंझाच्या आजारासारखी वाटतात. ताप नसतो आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटते, एवढाच फरक. घरातल्या सगळ्यांना एकदमच असे होऊ लागले तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी बॉयलर बंद करावा. अलार्म युरोपीय मानक इएन 50291चा असावा, उपकरणापासून साधारण एक ते तीन मीटर अंतरावर बसवावा, पडद्यामागे किंवा कपाटात कोंबू नये, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा. सेन्सरची मुदत पाच ते दहा वर्षांची असते. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सर जिवंत आहे असे होत नाही, म्हणून पाठीमागची तारीख महत्त्वाची. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022पासून भाड्याच्या घरात, शेगडी सोडून इतर कोणतेही बसवलेले ज्वलन-उपकरण असलेल्या राहत्या खोलीत असा अलार्म देणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूंनी तो हक्काने मागावा.

गॅसचा वास आला तर मीटरजवळची गॅसची मुख्य झडप बंद करावी, खिडक्या उघडाव्यात, दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नये, घराबाहेर जाऊन 0800 111 999 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालतो आणि तिथून येणारा माणूस गळती थांबवून जागा सुरक्षित करतो, त्याचे पैसे पडत नाहीत. तुटलेले उपकरण दुरुस्त करणे हे मात्र त्याचे काम नाही. मीटर तळघरात असेल आणि वास तिथेच येत असेल तर खाली उतरू नये.

तापमानाबद्दल आमच्यात थोडी चर्चा झाली आणि तीत मला पटलेली गोष्ट सांगतो. बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचे तापमान 75 अंशांवर ठेवलेले होते. धुरातील वाफेचे पाणी व्हायला परत येणारे पाणी साधारण 55 अंशांपेक्षा गार असावे लागते. 75वर पाठवलेले पाणी परत येताना तेवढे उतरतेच असे नाही, मग कंडेन्सिंग बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग राहतो. त्यांनी ते 60वर आणले. घर ऊबदार व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, गॅस कमी जळतो. नळाच्या पाण्याचे तापमानही उतरवायला सांगितले, आणि इथे आपल्या घरांचा खास मुद्दा येतो. भारतातून आई-वडील आले की आंघोळीला कढत पाणी हवे म्हणून तो आकडा टोकाला नेला जातो आणि पाहुणे परत गेले तरी तिथेच राहतो. रेडिंगचे पाणी क्षारयुक्त, जड आहे. पाणी जितके जास्त तापवावे तितका नळाच्या बाजूच्या विनिमयकात चुन्याचा थर लवकर बसतो. कॉम्बीला पाणी साठवायचे नसते, त्यामुळे 50 अंश पुरतात. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र हा सल्ला उचलू नये: टाकीतील पाणी लिजिओनेला या साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंच्या भीतीने 60 अंशांपर्यंत तापलेच पाहिजे.

वर्षभरात घरच्या घरी करण्यासारखे थोडेच आहे, आणि तेही झाकणाबाहेरचे. दाबाचा काटा थंड असताना 1 ते 1.5 बारच्या मध्ये ठेवणे, पाणी भरून झाले की भरण्याच्या नळीच्या दोन्ही तोट्या घट्ट बंद करणे, वरून गार राहणाऱ्या रेडिएटरची हवा चावीने सोडणे, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटे हीटिंग चालवणे, म्हणजे पंप अडकत नाही. रेडिएटरवरच्या तापमानाच्या मुठीही अधूनमधून फिरवाव्यात, एरवी आतली पिन चिकटते. बॉयलरच्या झाकणाला, विशेषतः ते हवाबंदपणाचा भाग असेल तर, स्वतः हात लावणे कायद्याने चूक आणि जिवाला धोक्याचे आहे. कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत.

उणिवा नोंदवायच्या तर, उशिराखेरीज, अहवालाचे हस्ताक्षर. बेंचमार्क या बॉयलरच्या नोंदवहीत सर्व्हिसचे पान त्यांनी भरले, त्यात धुराचे आकडे, गॅसचा दाब, पाण्याचे तापमान आणि त्यांचा क्रमांक आहे, पण 0.0008 हा आकडा 0.0003 वाचला जाईल अशी स्थिती आहे. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर हेच पान पुढे करायचे असते, म्हणून आम्ही अ‍ॅनालायझरने छापून दिलेली पट्टी शेजारी चिकटवली. ती उष्णतेने छापल्या जाणाऱ्या, पुढे पुसट होणाऱ्या कागदावरची असल्याने तिचे छायाचित्रही काढून ठेवले. ओट्यावर कापड अंथरले होते, पण सापळ्याचे पाणी मोरीपर्यंत नेताना फरशीवर थेंब सांडले आणि ते आम्हीच पुसले. कार्डाने पैसे घेतले, पावती ईमेलने दुसऱ्या दिवशी आली.

एक काम राहिले आहे. कंडेन्सेटची, म्हणजे सापळ्यातून निघणारे आम्लयुक्त पाणी बाहेर नेणारी, नळी आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून बरीच लांब धावते आणि ती बारीक, साडेएकवीस मिलिमीटरची आहे. कडाक्याच्या थंडीत, जशी डिसेंबर 2010मध्ये पडली होती, अशी नळी गोठते, पाणी उलटे साचते आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. त्या हिवाळ्यात देशभर हजारो बॉयलर याच कारणाने थांबले होते. बाहेरची नळी 32 मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड, उताराची आणि पाण्या-उन्हाला टिकेल अशा आवरणात गुंडाळलेली असावी. गृहस्थांनी या कामाचे 140 पौंड सांगितले. आम्ही नळी बदलण्याचे काम त्यांना दिले आहे आणि आवरण स्वतः घालणार आहोत. तोवर गोठलीच तर कोमट पाणी नळीवरून ओतायचे, उकळते नाही, कारण प्लास्टिक तडकते आणि सांडलेले पाणी पायवाटेवर गोठते.